साल

काकांनी वाटणीत मळा घेतला, मोटर घेतली,
आणि पत्र्याच्या पेटीतला चाकू माझ्याकडे सरकवला:
"घे. वांगी चिरायला होईल तुला."
वर हेही सांगितलं, की मुठीवरच्या तीन खाचा म्हणजे
आज्यानं मारलेली तीन माणसं.

वरणगावात डोंगर फालक,
फॅक्टरीतून रिटायर होऊन सोळा वर्षं झाली,
ओट्यावर बसून लोकांची कुलपं उघडून देतात.
मी पिशवीतून रेजमाळ काढला तसे खेकसले,
"घासू नको वो माय! साल निंघून जाईन!"
मला वाटलं, केळाचं असतं तसं
लोखंडाचंही साल असेल.
असेलही.

रात्रभर घासलेटात. सकाळी दाताचा जुना ब्रश.
आधी उमटला बाण,
चिमणीनं ओल्या मातीत एकच पाऊल टेकवून
उडून जावं तसा.
"सरकारी," फालक म्हणाले, "तव्हाच्या सरकारचा."
मूठ शिंगाची नाही, काळी, चौकडीची,
म्हणजे पहिल्या लढाईतला नव्हे, दुसऱ्या.
डबा फोडायचं एक नख.
पाठीवर दाभण, बोटाएवढं,
टोकाशी डावीकडे वाकलेलं.
मग एक, नऊ, चार,
आणि चौथ्या जागी गंजाचा तीळ.

इंग्रजी तीन, की इंग्रजी आठ?
आजा शेहेचाळीसला परत आला होता.
आठ निघाला तर हा चाकू
भुसावळच्या भंगारात चार आण्याला घेतलेला,
आणि इटली, गुडघाभर बर्फ,
डोंगरावर रात्री चढवलेली ती दारूगोळ्याची ओझी,
सगळं मग कुठे ठेवायचं?

फालकांनी बॅटरी आडवी धरली.
डाव्या अंगाला सावली पडेना.
"तीनच," म्हणाले, आणि बिडी पेटवली.
माझाच श्वास सुटला. मी कशाला धरला होता?

मुठीच्या आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं: ३१७.
आज्याचा फौजी नंबर, असं घरात सगळे म्हणत.
पण डिस्चार्जच्या कागदावर,
झिपरू उखा सपकाळे, खेचर कंपनी,
पुढे नंबर भलताच लांबलचक,
आणि तीनशे सतरा त्यात कुठेच नाही.

"खेचर?"
फालक दाभणाकडे बघत राहिले.
"खुरात खडे अडकता त्यायच्या. ते काढू काढू वाकलं हे."
बिडी विझली, पुन्हा पेटवली.
"अन् नंबर डागत खुरावर. जनावरागणिक येक."

खाचांचं विचारलं.
"ते मले नाही सांगता येत."

परतीच्या बसमध्ये तापीचा पूल लागला तेव्हा आठवलं.
खाली काठावर कुंभारांची गाढवं रेती वाहायची.
आजा सायकल आडवी टाकून उतरायचा,
गाढवाचा पुढचा पाय उचलून मांडीवर घ्यायचा,
धोतराच्या सोग्यानं चिखल पुसायचा,
खुराकडे डोळे बारीक करून बघायचा,
मग पाय हळूच खाली ठेवायचा,
झोपलेलं पोर ठेवावं तसा.
मग दुसरं गाढव. मग तिसरं.
कुंभार काही बोलत नसत.
पोरं ओरडायची, झिपरूबाबा गाढवाच्या पाया पडतो!
मी सहा वर्षांची.
सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचे.

रात्री पात्याला करडईचं तेल लावलं, मिटलं.
काकांचा फोन:
"काय निघालं?"
"त्रेचाळीसचा आहे."
"अन् ते खाचांचं? नक्की किती, कळलं का?"
"तीनशे सतरा," मी म्हटलं.
पलीकडे बराच वेळ
नुसता मोटरीचा आवाज येत राहिला.